दोनच तर वायरी आहेत!

जुन्या पद्मिनीला किंवा ॲम्बेसेडरला इलेक्ट्रिक फॅन बसवायचा विषय निघाला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्यात काय एवढं साहेब? दोनच तर वायरी आहेत." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोन वायरींच्या या हिशेबाने चांगल्या चांगल्या गाड्यांची वायरिंग जळालेली आहेत, हेड वाकलेली आहेत आणि भर रस्त्यात बॅटऱ्या बसलेल्या आहेत. नंतर खापर फुटतं ते फॅनवर, नाहीतर बिचाऱ्या जुन्या गाडीवर. ज्याने त्या दोन वायरी जोडल्या, त्याला कोणी काही विचारत नाही.

आधी त्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो. ते असं: फॅन कुठल्याही छोट्या गाडीचा घ्या, मारुतीचा जुना मिळाला तर उत्तमच. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवून तो आवळा. एक वायर किल्लीच्या स्विचवरून आणा, दुसरी बॉडीला टेकवा, मधे डॅशबोर्डखाली एक बटण द्या. काटा वर चढला की बटण दाबायचं, उतरला की बंद करायचं. अर्ध्या तासात गाडी बाहेर. रिले, फ्यूज, थर्मोस्विच, जाड वायर हे सगळे पुस्तक वाचून आलेल्यांचे हट्ट आहेत, त्याने फक्त बिल वाढतं. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलो आहोत आणि कोणाची गाडी जळाली नाही.

यातलं शेवटचं वाक्य सोडलं, तर बाकीचं सगळं आजही रोज कुठल्या ना कुठल्या गॅरेजात घडतं आहे. शेवटचं वाक्य खोटं आहे. गाडी जळाली नसेल, पण किल्लीचा स्विच जळाला, हेडलाइटची वायर वितळली, गाडी रस्त्यात आचके देऊ लागली, हे त्याच कामाचे परिणाम आहेत. सहा महिन्यांनी, दुसऱ्याच गॅरेजात, दुसऱ्याच नावाने ते दुरुस्त होतात. म्हणून पहिल्या मिस्त्रीला ते कधी दिसत नाहीत.

मुळात प्रश्न करंटचा आहे. छोट्या गाडीचा रेडिएटर फॅन चालताना साधारण 7 ते 10 अँपिअर खातो. मोठा फॅन असेल तर 15 किंवा त्याहूनही जास्त. सुरू होण्याच्या क्षणी, मोटर थांबलेली असताना, हाच आकडा क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. आता हा करंट कुठून जाणार? दोन वायरीवाल्यांच्या पद्धतीत तो किल्लीच्या स्विचमधून जातो. त्या स्विचचे पितळी संपर्क बनवले कशासाठी होते? इग्निशन कॉइलसाठी, जी 3-4 अँपिअर घेते, आणि मीटर, इंडिकेटर, ब्रेकलाइट अशा किरकोळ भारासाठी. चाळीस-पन्नास वर्षांत ते संपर्क झिजलेले, काळवंडलेले असतात. त्यांच्यावर एका रात्रीत दुप्पट-तिप्पट भार टाकायचा आणि वर म्हणायचं, "काही होत नाही"?

काय होतं ते बघायचं असेल तर असा फॅन लावलेली गाडी उन्हाळ्यात अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा आणि मग डॅशबोर्डखाली हात घालून किल्लीच्या स्विचची मागची बाजू चाचपा. बोट टेकवत नाही इतका तो तापलेला असतो. वायरच्या टोकाशी असलेलं वेष्टण आधी कडक होतं, मग तपकिरी पडतं, मग त्याला तडे जातात. आत तांब्याच्या तारा हिरवट-काळ्या झालेल्या दिसतात. हे एका दिवसात होत नाही, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. कधी तरी वेष्टण गळून उघडी तार डॅशबोर्डच्या पत्र्याला लागते. त्या वायरच्या वाटेवर फ्यूज नसेल, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर करंट त्या बारीक तारेतून धावतो आणि काही सेकंदांत वायरींचा आख्खा जुडगा पेटतो. त्याच जुडग्याच्या पलीकडे, बोनेटखाली, पेट्रोलचे रबरी पाइप असतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्या जुन्या रबराला मानवत नाही, ते वेगळंच.

यावर उपाय इतका साधा आहे की तो टाळण्याचा आग्रह मला कळत नाही. रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. त्याच्या कॉइलला पाव अँपिअरहूनही कमी लागतो, आणि त्याचे संपर्क 30 अँपिअर सहज सोसतात. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात. बॅटरीकडून येणारी जाड वायर फ्यूजमधून 30 वर. 87 वरून तशीच जाड वायर थेट फॅनला. 85 आणि 86 ही कॉइलची दोन टोकं: एकाला किल्लीवरची बारीक वायर, दुसरं थर्मोस्विचमधून अर्थला. झालं. किल्लीच्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार पडतो, जो त्याला जाणवतही नाही. फक्त पाच पायांचा रिले असेल तर मधल्या 87ए ला फॅन जोडायचा नाही. तो पाय रिले बंद असताना चालू असतो, म्हणजे फॅन बरोबर उलटा वागेल आणि गाडी उभी करून घरी गेलात की रात्रभर फिरत राहील. रिले "खराब निघाला" म्हणून काढून फेकल्याच्या किती तरी कहाण्यांमागे हा एवढासा घोटाळा असतो.

रिले न लावता फॅन इग्निशनच्या लाइनवर डायरेक्ट केला की आणखी एक गंमतशीर वाटणारी पण वाईट गोष्ट घडते. किल्ली बंद केली तरी इंजिन लगेच बंद होत नाही, क्षण-दोन क्षण चालूच राहतं. कारण फॅनची मोटर अजून फिरत असते, आणि फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते. ती वीज त्याच वायरने उलटी जाऊन कॉइलला मिळते. मालक कार्बुरेटर उघडतो, टायमिंग बदलतो, प्लग बदलतो. दोष त्या "दोन वायरीं"त असतो, तिकडे कोणी बघत नाही.

"फ्यूज कशाला? सारखा उडतो," हे दुसरं लाडकं विधान. फ्यूज सारखा उडत असेल तर तो काहीतरी सांगतो आहे. फॅनची मोटर जाम होत असेल, फ्यूज लहान घातला असेल किंवा वायर कुठे तरी पत्र्याला घासत असेल. सांगणाऱ्याचं तोंड बांधून काय मिळणार? फ्यूज फॅनला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात हवा. फॅनपाशी फ्यूज लावून मधली चार-पाच फूट वायर उघड्यावर सोडली तर तिला कोण वाचवणार?

आणि इथे जुन्या गाड्यांची मूळ रचनाही लक्षात घ्यायला हवी. फियाट घराण्यात चिनी मातीचे छोटे फ्यूज असत, बहुतेक 8 अँपिअरचे. लुकास पद्धतीच्या ब्रिटिश वायरिंगमध्ये तर अनेकदा दोनच फ्यूज, आणि हेडलाइट व इग्निशनच्या लाइनवर एकही नाही. त्या लुकास फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, पण तो वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता त्याच्या निम्म्याच्या आसपास, 17 अँपिअर. हे माहीत नसताना "35 चा फ्यूज आहे, फॅन त्याच्यावरच टाका" असं सांगणारे मी ऐकले आहेत. फॅनला त्याची स्वतःची लाइन हवी आणि स्वतःचा फ्यूज हवा. छोट्या फॅनला 15, मोठ्याला 20 ते 30, आणि वायर त्या फ्यूजला शोभेल अशी. छोट्या फॅनलासुद्धा 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर मी घालू देणार नाही.

वायरच्या जाडीवरून वाद घालणाऱ्यांसाठी एक हिशेब. 0.75 चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत आणि तिथून पुन्हा फॅनपर्यंत, सगळी मिळून 5 मीटर. तिच्यातून 8 अँपिअर गेले की वायरमध्येच जवळजवळ 1 व्होल्ट खर्ची पडतो. जुन्या स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थमध्ये आणखी अर्धा-पाऊण जातो. बॅटरीवर 12 व्होल्ट असतील तर फॅनला साडेदहाच्या आतबाहेर मिळतात. तो फिरताना दिसतो, आवाज करतो, मालक खूश. पण हवा ओढत नाही. मग "इलेक्ट्रिक फॅनमध्ये दमच नसतो" असा निकाल लागतो. रिले रेडिएटरजवळ ठेवला, अडीच मीटर जाड वायर वापरली, तर तोच तोटा पाव व्होल्टच्याही आत येतो. फॅन तोच, वारा वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्याच्याबद्दल दोन वायरीवाले एक अक्षर बोलत नाहीत. वीज येणार कुठून?

ज्या गाड्यांना अजून डायनॅमो आहे, त्यांच्या मालकांनी हे नीट ऐकावं. लुकासचा सी-40 हा त्या काळचा सर्वत्र दिसणारा डायनॅमो. त्याची कमाल क्षमता 22 अँपिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा सिग्नलला थांबल्यावर मिणमिणायला लागतो, तो याच कारणाने. अशी गाडी पावसाळ्याच्या रात्री सायनला किंवा स्वारगेटला अडकली आहे असं समजा. दोन हेडलाइट 45 वॉटचे, म्हणजे साडेसात अँपिअर. मागचे-पुढचे छोटे दिवे मिळून दोन. इग्निशन तीन. वायपर तीन. साडेपंधरा झाले. त्यात फॅनचे आठ घाला. साडेतेवीस. डायनॅमो पूर्ण जोरात असता तरी पुरला नसता, आणि इथे तर तो शून्याच्या जवळ आहे. सगळा करंट बॅटरीतून चालला आहे. गाडी जितका वेळ अडकून राहील तितका फॅन जास्त चालणार, आणि तितकी बॅटरी लवकर बसणार. फॅनची गरज नेमकी तेव्हाच असते जेव्हा डायनॅमो काही देत नाही. हा विरोधाभास कुठल्याही बटणाने सुटत नाही. तो सुटतो अल्टरनेटरने. आधी अल्टरनेटर, मग फॅन. हा क्रम उलटा करणाऱ्याने मालकाची फसवणूक केली आहे, असं मी सरळ म्हणतो.

अल्टरनेटर लावतानाही दोन गोष्टी पाहायच्या असतात. त्याच्याकडून बॅटरीकडे जाणारी मुख्य वायर जुन्या डायनॅमोच्या हिशेबाची असते, ती जाड करावी लागते. आणि ॲमीटर असलेल्या गाड्यांमध्ये, जुन्या जीपमध्ये तर तो असतोच, सगळा चार्जिंग करंट त्या काट्याच्या आतून जातो. अशा गाडीत फॅनची वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मारली की फॅनचा करंट ॲमीटर कायम "चार्जिंग" म्हणून दाखवतो आणि तो बिचारा भार ओढत राहतो. फॅनची लाइन ॲमीटरच्या अल्टरनेटरकडच्या बाजूने घ्यायची. हे कोणत्या मिस्त्रीने तुम्हाला विचारलं होतं?

बटणाच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. "काटा चढला की बटण दाबा" हे सांगणं म्हणजे इंजिनाचं आयुष्य ड्रायव्हरच्या लक्षावर टांगणं. गाडी चालवणारा माणूस रस्ता बघतो, रिक्षा बघतो, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो. घरातला दुसरा कोणी गाडी घेऊन गेला तर त्याला बटणाचं माहीतही नसतं. शिवाय जुना काटा आळशी असतो, तो लाल पट्टीत जाईपर्यंत डोक्यातलं पाणी उकळू लागलेलं असतं. पद्मिनीतल्या फियाटच्या 1100 इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि खालचा ब्लॉक बिडाचा. असं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं, गॅस्केट उडतं, तेलात पाणी येतं. ॲम्बेसेडरच्या जुन्या बीएमसी इंजिनाचं हेड बिडाचं असल्याने थोडं जास्त सोसतं, पण सोसण्यालाही हद्द असते. एका विसरलेल्या बटणाची ही किंमत.

थर्मोस्विच विसरत नाही. इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडतो. फॅनचा स्विच त्याच्या वर, 92 च्या आसपास चालू आणि 87 च्या आसपास बंद होणारा घ्यायचा. थर्मोस्टॅटच्या आधीच फॅन लागला तर तो दिवसभर फिरत राहील. रबरी पाइपच्या तोंडाशी प्रोब घुसवून वर क्लिप आवळायची पद्धत मला पटत नाही, तिथून पाणी गळतंच. चांगला रेडिएटरवाला पितळी टाकीला आट्यांचा बॉस झाळून देतो, त्यात स्विच बसतो. एक तार असलेला स्विच घेतला तर त्याचा अर्थ रेडिएटरच्या अंगातून होतो, आणि रेडिएटर जर रबरी बुशवर बसलेला असेल तर अर्थ मिळतच नाही. वर आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली की उरलासुरला संपर्कही गेला. म्हणून दोन तारांचा स्विच घ्यावा. बटण हवंच असेल तर खुशाल लावा, पण थर्मोस्विचला समांतर. स्विच दगा देईल त्या दिवशी ते उपयोगी पडेल. आणि फॅन चालू असल्याचं दाखवणारा एक छोटा दिवाही द्या.

दुसरी वायर, जी "बॉडीला टेकवायची", तिचाही विचार कोणी करत नाही. रंग लावलेल्या, गंजलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून अर्थ होत नाही. फॅनची काळी वायर लाल वायरइतकीच जाड हवी आणि थिंबल लावून, पत्रा घासून, बॅटरीच्या अर्थच्या जागेपर्यंत न्यायला हवी. फॅन चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं फॅनच्या काळ्या वायरला लावा. आकडा 0.2 व्होल्टच्या वर दिसला तर अर्थ कच्चा आहे. दोन मिनिटांची तपासणी आहे. आणि ब्रिटिश घराण्याच्या अनेक गाड्यांत 1960 च्या दशकात बराच काळ पॉझिटिव्ह अर्थ होता, हेही विसरू नये. तिथे सवयीने लाल-काळी जोडली की फॅन उलटा फिरतो. गाडी धावू लागली की समोरून येणारा वारा आणि फॅनचा वारा एकमेकांशी भांडतात आणि जाळीतून हवा जातच नाही. इंजिनाच्या बाजूने बसवलेल्या फॅनची हवा जाळीतून आत खेचली जाते का, हे समोर कागदाचा कपटा धरून बघायचं. तो जाळीला चिकटला पाहिजे.

एवढं बोलल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक आनंदाने टाळ्या वाजवतात, त्यांनाही उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं: "बघा, इतकी उठाठेव कशाला? कंपनीने दिलेला पट्ट्यावरचा फॅन पुरेसा आहे. बाकी सगळं म्हणजे गाडी बाटवणं." पट्ट्यावरच्या फॅनबद्दल एक गोष्ट मी मान्य करतो. खंबाटकीच्या किंवा कशेडीच्या घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चांगलं फिरत असताना, तो आपलं काम चोख करतो. पण आजच्या शहरात गाडी घाट चढत नसते, ती उभी असते. इंजिन आयडलिंगला, पट्टा मंद, फॅन मंद, वारा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडत होती तेव्हाच्या मुंबईत आणि आजच्या मुंबईत हाच फरक आहे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. जे थोडे लोक आज हौसेने ती गाडी ठेवतात त्यांना ती चालवायची आहे, गॅरेजात झाकून ठेवायची नाही. चालवायची तर तिला थंड ठेवायला नको?

आणि "कंपनीने दिलं नाही" म्हणून इलेक्ट्रिक फॅन परका कसा ठरतो? पद्मिनीची मूळ फियाट 1100-103 ही 1953 ची, दान्ते जाकोझा यांच्या हाताखाली घडलेली. त्याच जाकोझांच्या 1969 च्या फियाट 128 ला थर्मोस्विचवर चालणारा इलेक्ट्रिक फॅन होता. ज्याने तुमच्या गाडीचा आराखडा केला त्यानेच पुढे हा मार्ग स्वीकारला, आणि तुम्ही त्याला बाट म्हणता?

अस्सलपणाची काळजी मलाही आहे. जगभरातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची मातृसंस्था 'फिवा' हिने तुरिन चार्टर स्वीकारलेला आहे. त्याचा सूर असा की मूळ रचनेत बदल करावाच लागला तर तो नजरेत न भरणारा असावा, परत फिरवता यावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत. रिले आणि जाड वायरीची स्वतंत्र लाइन ही अट पूर्ण पाळते. मूळ जुडग्यातली एकही तार कापावी लागत नाही, पत्र्याला नवं भोक पाडावं लागत नाही, चार नट सोडले की वायरिंग पुन्हा कारखान्यातून आलं तसं. उलट दोन वायरीवाला किल्लीच्या स्विचमागची मूळ वायर सोलतो, तिला पीळ मारतो आणि काळी चिकटपट्टी गुंडाळतो. उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद वितळून हाताला चिकटतो. अस्सलपणाचा खून तिथे होतो. आपल्याकडे 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला त्यांना चालत नाही. ज्यांना ती नोंदणी हवी त्यांनी पट्ट्यावरचा फॅन जागेवरच ठेवावा आणि इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या पुढे, हवा आत ढकलणारा, मदतनीस म्हणून लावावा.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना सारखीच बजावायची आहे. फॅन हे तुंबलेल्या रेडिएटरवरचं औषध नाही. गाडी सिग्नलला तापते आणि रस्त्याला लागली की काटा उतरतो, तेव्हा हवा कमी पडते आहे, फॅन उपयोगी आहे. गाडी सरळ रस्त्यावर 60 च्या वेगाने धावताना तापत असेल तर समोरून मिळणारा वारा कुठल्याही फॅनपेक्षा जास्त आहे, दोष दुसरीकडे आहे. बोअरवेलच्या जड पाण्याने जाळीत चुना धरला असेल, वॉटर पंप झिजला असेल, टायमिंग बिघडलं असेल किंवा गॅस्केट गेलं असेल. अशा गाडीला फॅन लावून पाठवणारा मिस्त्री दुखणं झाकतो आहे.

खर्चाचं म्हणाल, तर रिले, फ्यूज होल्डर, थर्मोस्विच, काही मीटर चांगली वायर, थिंबल, स्लीव्ह आणि पत्र्यातून वायर नेताना लागणारे रबरी ग्रोमेट, एवढं सगळं मिळून एका हेड गॅस्केटच्या कामापुढे किरकोळ आहे. दिवसभराचं काम आहे, अर्ध्या तासाचं नाही. जो माणूस डेंटिंग-पेंटिंगवर आणि क्रोमच्या बंपरवर हौसेने पैसे ओततो, त्याला बोनेटखालच्या या कामाचे पैसे जड का वाटावेत? आणि ते वाटतात म्हणूनच गॅरेजवाला दोन वायरींचं वाक्य टाकतो. मागणी आपण केली आहे, त्याने फक्त पुरवठा केला.

तेव्हा यापुढे गाडी ताब्यात घेण्याआधी बोनेट उघडायला लावा. फ्यूज कुठे आहे विचारा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात आहे का ते डोळ्यांनी बघा. रिलेवर बोट ठेवायला सांगा. फॅन फिरत असताना किल्ली बंद करा, इंजिन तत्क्षणी थांबलं पाहिजे. गाडी आयडलिंगला उभी करून फॅन आपोआप लागेपर्यंत आणि आपोआप बंद होईपर्यंत तिथेच थांबा. मग हेडलाइट, वायपर आणि फॅन एकदम चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. आयडलिंगला आकडा 13 च्या खाली असेल आणि मिनिटागणिक घसरत असेल, तर काम अपुरं आहे. यातली एक जरी गोष्ट तो दाखवू शकला नाही आणि पुन्हा "दोनच तर वायरी आहेत" म्हणाला, तर बिल देऊ नका. त्या दोन वायरी त्याच्याकडूनच सोडवून घ्या आणि पट्ट्यावरचा फॅन पुन्हा चढवून गाडी घरी आणा.